दादांच्या तेलाविषयी उजव्या पायाचा अहवाल

ग्वांगजू,
चांद्रवर्षाच्या शेवटच्या महिन्याचा एकविसावा दिवस

तीर्थस्वरूप संग-ग्यूदादांच्या चरणी,

धाकटा भाऊ संग-उक याचा दोन्ही गुडघे आणि कपाळ जमिनीला टेकून नमस्कार. (गुडघे टेकले की हल्ली चटईवर तांदळाच्या पिठाची चिमूट सांडल्यासारखे काहीतरी उरते. त्याचा खुलासा पुढे येईल.) आपली प्रकृती, वहिनींची कंबर, मागच्या उतारावरची कॅमेलियाची झाडे आणि बेटावरचा वारा ही सर्व मंडळी आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा करतो. इकडे आपली भावजय यंग-नान मजेत आहे. गेले दोन महिने ती माझ्यावर हसते आहे आणि त्या व्यायामाने तिची भूक सुधारली आहे.

गेल्या गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आपण दूरध्वनीवर मला सांगितलेत, "पाठ चोळायची नसेल तर नववर्षाला इकडे फिरकूसुद्धा नकोस. बस जाऊन तुझ्या त्या डॉक्टरणीच्या दारात!" आणि फोन ठेवून दिलात. चौपन्न वर्षांत मला आपल्याला उलट उत्तर द्यावेसे वाटण्याचा तो पहिला प्रसंग होता, आणि समोर केवळ टूं-टूं असा आवाज होता. म्हणून हे पत्र. पत्र फोनसारखे ठेवून देता येत नाही. (फाडता मात्र येते, याची मला कल्पना आहे. म्हणून एक प्रत माझ्याकडे ठेवली आहे आणि दुसरी वहिनींच्या नावे टपालात टाकली आहे.)

तर माझी भूमिका प्रथम स्पष्ट करतो. चांद्रवर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी सहा वाजता धक्क्यावरच्या स्नानगृहात आधी बाबा आपल्या दोघांच्या पाठी चोळत असत. ते गेल्यापासून एकोणीस वर्षे आपण माझी पाठ चोळता, मी आपली चोळतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लालबुंद, स्वच्छ अंगाने आपण दोघे पूर्वजांपुढे वाकतो. या प्रथेविरुद्ध माझी कधीही तक्रार नव्हती. परंतु या वर्षी मी पाठ चोळून घेणार नाही आणि चोळून देणारही नाही. आणि तरीही मी घरी येणार आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यांतले एक गाळून दुसरे स्वीकारण्याची सवलत मी आपल्याला देत नाही.

आता कारणे. नोव्हेंबरात आपण स्वतः बियांतून गाळलेल्या कॅमेलिया तेलाच्या दोन बाटल्या वर्तमानपत्राच्या तीन थरांत गुंडाळून पाठवल्यात. सोबत चिठ्ठी: "निव्वळ नैसर्गिक. अंग चोळून झाल्याबरोबर लाव. भरपूर." मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि गेली एकोणतीस वर्षे मालाच्या तपासणीचे काम करतो. 'भरपूर' हे माप मला कोणत्याही कोष्टकात आढळलेले नाही. मी फोन करून किती मिलीलीटर ते विचारले तेव्हा आपण म्हणालात, "अरे, भरपूर म्हणजे भरपूर! आईने तुला कधी मोजून लावलं होतं का?" नव्हते लावले. म्हणून मी माझ्या जबाबदारीवर बारा मिलीलीटर हे प्रमाण निश्चित केले आणि त्याचे काटेकोर पालन सुरू केले. दर रविवारी चाळीस मिनिटे गरम पाण्याच्या हौदात, मग मूनच्या मेजावर पालथा, मग उताणा, मग तेल. (मून म्हणजे आमच्या गल्लीतल्या स्नानगृहात गिऱ्हाइकांची अंगे चोळून देणारा. त्याच्या हातातल्या हिरव्या खरखरीत मोज्याने दगडाचासुद्धा पापुद्रा निघेल.) माझ्या अंगावरून राखाडी वळ्या निघू लागल्या की मून त्या मला दाखवतो आणि म्हणतो, "पाहा प्यो साहेब, आठवड्याभराची कमाई!" मला त्यात एक प्रकारचे समाधान वाटत असे, हे नाकारत नाही.

डिसेंबर लागला आणि नडग्या खाजू लागल्या. आता आपल्या घराण्यात खाज याचा अर्थ एकच: कुठेतरी मळ राहिला. म्हणून मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. खाज वाढली. म्हणजे तेल कमी पडते आहे. मी बाराचे अठरा केले. खाज आणखी वाढली. महिन्याच्या मध्यावर माझ्या नडग्या ओहोटीनंतर उन्हात तडकलेल्या चिखलासारख्या दिसू लागल्या. कार्यालयातल्या बैठकीत पायमोजा खाली करून खाजवणे माझ्या हुद्द्याला शोभत नाही, म्हणून मी मेजाखाली एका बुटाने दुसरी नडगी घासत असे. एकदा अंदाज चुकून मी शेजारी बसलेल्या संचालकांचीच नडगी तीन वेळा घासली. त्यांचा समज झाला की मी त्यांना गप्प राहण्याची सूचना करतो आहे, आणि ते गप्प राहिले. आमच्या कार्यालयाच्या इतिहासात वेळेवर संपलेली ती पहिली बैठक. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून, त्यांनी काय बोलू नये हे मला कसे कळले होते, असे अत्यंत आदराने विचारले. मी गंभीरपणे मान डोलावली.

अखेर यंग-नानने त्वचेच्या डॉक्टर मेंग यांची वेळ घेतली, मंगळवार, सकाळी अकरा. आणि इथे दादा, माझ्याकडून जे घडले ते आपल्याकडूनही घडले असते, हे आपण मनातल्या मनात तरी मान्य करावे. मी त्या दिवशी सकाळी आठ वाजता मूनकडे गेलो आणि संपूर्ण अंग खास, दोन वेळा, चोळून घेतले. परक्या माणसाला, त्यातून डॉक्टरला, त्यातून बाईमाणसाला कातडी दाखवायची आणि ती मळकट? प्यो घराण्याची? लस टोचायला नेण्याआधी आई आपल्या दोघांचे दंड कसे सोलून काढत असे, ते आठवा. नर्सला सुई कुठे टोचावी ते कळत नसे, सगळा दंडच लाल.

डॉक्टर मेंग वयाने पस्तिशीच्या आत. भिंगातून माझी नडगी बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "काका, शेवटचं कधी चोळलंत?"

"आजच सकाळी," मी म्हणालो. (अभिमानाने. खोटे का सांगू.)

"आजच का?"

"आपल्याकडे यायचं होतं ना."

त्यांनी भिंग खाली ठेवले. "म्हणजे छप्पर गळतंय ते पाहायला गवंड्याला बोलावलंत, आणि तो यायच्या आत उरलेली कौलंही उतरवून ठेवलीत."

यंग-नान माझ्यामागे बसली होती. तिने जो आवाज काढला त्याला मी खोकला असे समजतो.

मी राखाडी वळ्यांचा मुद्दा मांडला. एवढा मळ प्रत्यक्ष निघताना दिसतो, तो ठेवायचा कुठे? त्यावर त्या बाई म्हणाल्या, "काका, तो मळ नाही. ते तुम्हीच आहात. चाळीस वर्षं तुम्ही स्वतःलाच चोळून मोरीत सोडताय."

दादा, हे वाक्य मी दोन दिवस कोणालाही सांगितले नाही.

त्यांनी पुढे जे समजावले ते मी लिहून घेतले आणि घरी आल्यावर वाक्यवार तपासले. कातडीचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे दगड, आणि दगडांच्या मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ, तीन निरनिराळ्या जातींचे, एकावर एक थर लावून बसवलेले. अंगातले पाणी आत धरून ठेवायचे काम या चुन्याचे. त्याच्यावर अंगाचे स्वतःचे तेल, आतल्या ग्रंथींतून आलेले, पातळ पसरते. नडगीवर त्या ग्रंथी मुळातच विरळ, आणि पन्नाशीनंतर तर त्यांचा कारभार आणखी मंदावतो. हिरवा मोजा ते तेलही नेतो, चुनाही नेतो, आणि वरचे दगडही नेतो. इथपर्यंत आपण फार तर हातमोज्यावर रागवाल. परंतु मी पुढे विचारले, कारण अर्धवट अहवाल मी कधी दिलेला नाही: मग वरून शुद्ध नैसर्गिक तेल लावले की भिंत लिंपली जात नाही का? तर उत्तर असे की तेल तेलात फरक असतो. काही तेलांतली आम्ले खुद्द त्या चुन्यातच वापरली जातात. ती डागडुजीला मदत करतात. सूर्यफुलाचे साधे तेल त्यांतले. काही तेलांत ऑलिक नावाचे आम्ल फार असते. ते चुन्याच्या थरांत शिरून त्यांची घडी विस्कटते, आणि फटी आणखी मोकळ्या होतात. धडधाकट भिंतीला त्याचे कदाचित फारसे वाटणार नाही. आधीच खरवडलेल्या भिंतीला वाटते. कॅमेलियाच्या तेलात हे आम्ल शंभरात ऐंशीच्या घरात असते.

आपण इथे काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. बेटावरच्या आपल्या भिंतींत चुना कुठे असतो? नुसते दगडावर दगड, आणि आजोबांच्या काळापासून उभ्या आहेत. मीही डॉक्टर मेंग यांना नेमके हेच म्हणालो. त्या म्हणाल्या, "त्या भिंती वारा आरपार जावा म्हणूनच तशा रचतात, काका. म्हणून तर वादळात पडत नाहीत. तुमच्यातून वारा आरपार जायला हवाय का?" याचे उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

आणि आपण हेही म्हणाल की जे नैसर्गिक आहे ते अपाय कसा करील. आपल्या धक्क्यावर विषारी पफर मासा उतरतो. तोही निव्वळ नैसर्गिक आहे. परवाना नसलेल्या माणसाच्या हातचा तो आपण खाता का?

तथापि मी डॉक्टरांच्याही शब्दावर विसंबलो नाही. (मला फितूर म्हणण्याआधी हा परिच्छेद वाचावा.) मी अठ्ठावीस दिवसांची चाचणी आखली. या काळात चोळणे पूर्ण बंद, अंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटे. उजव्या नडगीला आपले कॅमेलिया तेल, डाव्या नडगीला सूर्यफुलाचे, दोन्हींना सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने मोजून दोन मिलीलीटर. उजवा पाय आपल्याला दिला, कारण तो मानाचा. यंग-नानने पहिल्याच दिवशी त्याचे नाव 'भावोजींचा पाय' असे ठेवले. त्यानंतर घरात दुसरी भाषा राहिली नाही. "भावोजी आज भिंतीला का घासताहेत?" "भावोजींना पायमोजा घाला, थंडी आहे." मी जिन्यावर ठेचकाळलो तर म्हणाली, "भावोजी पडले, पण डाव्याने सावरलं." तिच्या बहिणीचा फोन आला की ती आधी माझी नाही, भावोजींची खुशाली सांगते.

चाचणीतला सर्वांत कठीण दिवस मात्र घरी नव्हता. तिसऱ्या रविवारी मी केवळ सवयीने स्नानगृहात गेलो आणि कोमट हौदात बसून राहिलो. मूनने मेजावर बादलीभर पाणी मारले, दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून फाटकन आवाज काढला आणि हाक दिली, "प्यो साहेब, या. मेज मोकळं आहे."

मी म्हणालो, आज नको.

"नको म्हणजे?"

म्हणजे चोळून घेणार नाही.

हौदातली नऊ माणसे माझ्याकडे वळली. (मी मोजली.) मून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आलात तसेच जाणार? मळ घेऊन?" मी सांगितले की तो मळ नसून मी स्वतःच आहे. एक वृद्ध गृहस्थ हळूच उठून पलीकडच्या हौदात गेले. मूनने शेवटी माझ्याकडे न पाहता टॉवेल पिळला आणि म्हणाला, "बावीस वर्षं या हाताखाली मोठे झालात, साहेब. माझ्या हाताचं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा." दादा, त्या क्षणी मी जवळजवळ उठलो होतो. त्याच्या हाताचे काही चुकले नव्हते, आणि ते त्याला पटवून देण्याचा जगात एकच मार्ग होता, तो म्हणजे त्याच्या मेजावर पालथे पडणे. मी पडलो नाही. कानांपर्यंत पाण्यात बसून राहिलो. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत शूर प्रसंग आहे आणि तो संपूर्ण विवस्त्र अवस्थेत पार पडला, हे नमूद करतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टर मेंग यांनी कातडीतून किती पाणी उडून जाते ते मोजणारे एक लहान यंत्र दोन्ही नडग्यांना लावले. डावी नडगी जवळजवळ पूर्ववत. उजवीतून डावीच्या पावणेदोनपट पाणी जात होते. यंग-नान घरी येताना बसमध्ये गंभीरपणे म्हणाली, "भावोजींना कळवू नका हो. सणाचे दिवस आहेत. दोघेही जिंकले म्हणून सांगा." मी आजवर खराब माल पाहून चांगल्या मालाचा शिक्का मारलेला नाही, आणि सख्ख्या भावाच्या मालाला तर मुळीच मारणार नाही. आपले तेल उजव्या नडगीवर हरले. मी ते, आणि या वर्षी पाठ चोळणार नाही हेही, आपल्याला गुरुवारी सांगितले, आणि त्यापुढचे वाक्य आपण बोललात.

तर आता माझे उत्तर. मी वर्षाच्या शेवटच्या दिवशी, मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या पहिल्या बोटीने येणार आहे. सहा वाजता धक्क्यावरच्या स्नानगृहात हजर असेन. आपण मला आपल्या हौदात बसू दिले नाहीत तर शेजारच्या हौदात बसेन. तो सार्वजनिक आहे. आपण मोजा उगारलात तर पाण्याखाली जाईन. लहानपणी श्वास मी आपल्यापेक्षा जास्त वेळ धरत असे. घराचे दार उघडले नाहीत तर अंगणातून पूर्वजांना वाकेन, आणि मी न चोळलेल्या अंगाने वाकलो म्हणून त्यांना राग आला तर ते मला स्वतः सांगतील. पणजोबा मासेमारीला जात. तीन-तीन आठवडे त्यांच्या अंगाला गोडे पाणी लागत नसे. ते माझ्या बाजूचे असावेत असा माझा कयास आहे.

वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (एक आज्ञा वगळता) धाकटा भाऊ,
प्यो संग-उक

ता. क. चाचणीबाबत एक त्रुटी नोंदवणे माझे कर्तव्य आहे. नवव्या दिवशी उजवी नडगी मागे पडत असल्याचे माझ्या लक्षात आले. तेव्हापासून मी तिला रोज ठरल्यापेक्षा एक मिलीलीटर तेल अधिक देत होतो, तेही यंग-नान झोपल्यावर. ती जिंकावी असे मला वाटत होते. या कारणास्तव वरील अहवाल नियमानुसार रद्दबातल ठरतो आणि त्याच्या आधारे आपण मला काहीही सुनावू शकता. तिला जिंकवण्याचा दुसरा उपाय मला सुचला नाही.

ता. क. दुसरा. वरच्या सगळ्या पत्रात मी एकच गोष्ट लिहिलेली नाही. डॉक्टर मेंग यांनी माझी पाठही तपासली. माझ्या पाठीला काहीही झालेले नाही. माझी तक्रार फक्त नडग्यांची आहे. माझी पाठ आपण खुशाल चोळली असती तरी एखाद्या दिवसाने ती काही कोसळली नसती. परंतु तीन आठवड्यांपूर्वी वहिनींचा फोन आला होता. (त्यांना रागावू नये. त्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभ्या राहून बोलत होत्या आणि कोंबड्यांच्या आवाजात मला निम्मेच ऐकू आले, पण निम्मे पुरेसे होते.) आपल्या बनियनला मागच्या बाजूने रक्ताचे डाग पडतात. आपण गोठ्याच्या चौकटीला पाठ घासता. त्यावर तेल ओतून घेता. आणि डॉक्टरकडे चला म्हटले तर म्हणता, "मळ साठलाय, दुसरं काही नाही. संग-उक येईल ना नववर्षाला, तो काढेल."

गेल्या वर्षी माझ्या मोज्याखाली आपल्या पाठीवर तीन ठिकाणी रक्त आले होते. मी थांबलो, तर आपण म्हणालात, "जोरात घास रे, शहरात राहून हातातला जोर गेला का?" आणि मी जोरात घासले. ते मी विसरलेलो नाही. म्हणून या वर्षी मी आपली पाठ चोळणार नाही, मग आपण मला घरात घ्या अथवा घेऊ नका. नववर्षाच्या चौथ्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, डॉक्टर मेंग यांच्याकडे प्यो संग-ग्यू या नावाने वेळ घेतलेली आहे. बोटीपासून दवाखान्यापर्यंत मी सोबत असेन. त्या दिवशी सकाळी कृपा करून अंग चोळून येऊ नये.

ता. क. तिसरा. मी डॉक्टरांना दोनदा विचारून खात्री करून घेतली आहे. बंदी मोज्याला आहे, हाताला नाही. कोमट पाणी आणि नुसता तळहात चालतो, कितीही वेळ.